झाकली मूठ आणि तीस दिवस

अक्का, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातली. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. सहा वर्षांमागं आमचा सगळा माल एका बाहेरच्या व्यापाऱ्यानं घेतला. चार किलोच्या पेटीला एकशे चाळीस रुपये ठरले होते. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे त्यानं त्याच संध्याकाळी रोख आणून दिले, घरात बसून चहा घेतला, मुलीच्या शाळेची चौकशी केली. पुढं म्हणाला, तोड संपली की एकदम हिशेब करू. त्यानंतर ४,१२५ पेट्या गेल्या. पेट्या मीच मोजून मुलीच्या जुन्या वहीत लिहीत होते. त्याचा मुकादम पहिले दोन दिवस वहीवर सही करत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, राहू दे, शेवटी एकदम करतो. मला तेव्हाच शंका आली होती, पण मी बोलले नाही. शेवटी व्यापाऱ्यानं ५ लाख ७७ हजार ५०० रुपयांचा चेक दिला, तो वटला नाही. दोन महिने 'आठ दिवसांत देतो' म्हणाला, मग फोन बंद.

ह्यांनी गावात सांगितलं, पैसे आले. माझ्या भावाशिवाय कुणाला खरं माहीत नाही. चार महिन्यांनी भाऊ आम्हाला वकिलाकडं घेऊन गेला, तर नोटिशीची मुदत गेलेली. माझ्या पाटल्या गेल्या, दोन म्हशी गेल्या. सोसायटीचं खातं गेल्या वर्षी नील झालं.

आमच्या बचत गटात आता दर महिन्याला एका बाईनं स्वतःचा अनुभव सांगायचा असं ठरलंय. या महिन्यात माझा नंबर आहे. आणि भाऊकीतल्या पुतण्याची पहिलीच बाग आलीय. त्याच्याकडंही एक बाहेरचा व्यापारी आलाय, वीस हजार इसार रोख दिलाय, पहिल्या गाड्यांचे पैसे जागेवर देतो म्हणालाय. पुढच्या आठवड्यात तोड. मला रात्रीची झोप नाही. ह्यांना म्हटलं, सांगूया का? तर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडतीस?" मुलीला स्थळं बघतोय, तीही काळजी. लोक हसतील का? नुसतं 'व्यवहार जपून करा' एवढंच सांगितलं तर चालेल का?

गावाचं नाव घालू नका, बाकी छापलं तरी चालेल.

तुमची एक बहीण

---

ताई,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. खाली फोन नंबर होता म्हणून त्याच दुपारी फोन केला आणि एवढंच म्हणाले, की पुतण्याकडं आज संध्याकाळीच जा, गटाच्या बैठकीची वाट बघू नका. तुम्ही म्हणालात, "बघते, अक्का." त्या 'बघते'चा अर्थ मला कळतो. म्हणून बाकीचं इथं सविस्तर लिहिते.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते. नुसतं 'जपून करा' सांगून चालणार नाही. ते तुमच्या गावात पोरासोरांनाही पाठ आहे. हंगामात पारावर बसलेला कुणीही ते सांगतो, आणि पुतण्यानंही दहा वेळा ऐकलं असेल. ऐकून तो मनात म्हणत असेल, मी जपूनच करतोय की, मी रोख इसार घेतलाय. म्हणजे ज्या गोष्टीनं तुम्ही फसलात, तीच त्याला माणूस खरा असल्याची खूण वाटतेय. हे त्याला पारावरचा माणूस सांगू शकणार नाही, कृषी अधिकारीही सांगू शकणार नाही. हे फक्त ज्यांनी त्या दोन संध्याकाळी रोख नोटा मोजून घेतल्या, त्याच सांगू शकतात. पहिले पैसे वेळेवर आले म्हणूनच आमचा विश्वास बसला, तो मुलीची चौकशी करत होता म्हणून आम्हाला घरचा वाटला, बागेत तोडीची टोळी उतरलेली होती आणि आभाळ भरून आलं होतं म्हणून आम्हाला थांबता आलं नाही. शहाणीसुरती माणसं कशी फसतात, त्याची अशी एकेक पायरी असते. ती सांगितली तरच ऐकणाऱ्याला स्वतःचा पाय कुठल्या पायरीवर आहे ते दिसतं.

(आभाळाचं मी माझ्या मनानं लिहिलंय. तुमच्या पत्रात ते नाही. तसं नसेल तर अजिबात सांगू नका. घडलं तेवढंच सांगा.)

आता त्या वाक्याकडं येते, जे मी चार वेळा वाचलं. 'मला तेव्हाच शंका आली होती, पण मी बोलले नाही.' तुम्ही ते सहज लिहून पुढं गेलात. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या पत्राचं मोल त्या एका वाक्यात आहे.

माझं माहेर तुमच्याच तालुक्यातलं. तोडीच्या दिवसांत मांडवाखाली काय चाललेलं असतं ते मी लहानपणापासून बघितलंय. घड कात्रीनं साफ करायचे, खराब मणी काढायचे, पेटीत कागद घालायचा, वजन बघायचं, पेटी रचायची, मोजायची. यातलं बरंचसं बायका करतात. व्यवहार मात्र बांधावर गाडीला टेकून पुरुष-पुरुष करतात. त्यामुळं होतं असं, की मुकादमानं सही टाळली हे बाईला दिसतं आणि दर ठरवणाऱ्याला दिसत नाही. तिला दिसतं, पण तिला वाटतं, आपण कशाला मधे बोला. कारभारी म्हणतील तुला काय कळतंय. चारचौघांत त्यांचा अपमान नको. आणि ती पुढची पेटी मोजायला घेते.

तुमच्या गटात पंधरा-वीस जणी असतील. त्यातल्या कितीजणी हंगामात पेट्या मोजतात? त्यांना पाच लाखाचा आकडा ऐकून हळहळ वाटेल आणि घरी जाईपर्यंत विसरतील. पण "मुकादम म्हणाला राहू दे, आणि मला वाटलं हे बरोबर नाही, आणि मी गप्प बसले" हे ऐकलेली बाई पुढच्या हंगामात मांडवाखाली बसली असताना, मुकादमानं पेन खिशात घातलं की तिला तुमचा चेहरा आठवेल. एखादी उठून बांधावर जाईल. उठली तर उठली. न उठली तरी तिला कळलेलं असेल की आपल्याला दिसतंय ते खरं आहे. मला हे फार मोठं वाटतं.

आपल्या भागातले बागायतदार सांगण्याच्या बाबतीत खरं तर फार मोकळे. माझे भाऊ संध्याकाळी एकमेकांच्या बागेत फिरायचे तेव्हा मी मागं असायचे. कुणीतरी वेलीखाली वाकून घड हातात घ्यायचं आणि म्हणायचं, "बघ, डिपिंगला जीए जास्त झालं माझ्याकडनं. दांडे कसे लाकडासारखे झालेत." (जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, मणी फुगावेत म्हणून घड ज्यात बुडवतात ते औषध.) बाकीचे तो दांडा बोटानं वाकवून बघायचे. कुणी हसायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाच बागांतलं प्रमाण कमी व्हायचं. एका माणसाची चूक पाच जणांच्या कामी यायची, ती त्यानं सांगितली म्हणून. आपल्या तालुक्यातल्या एका बागायतदाराला थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत वेगळ्या मण्याची वेल दिसली, त्यातून तास-ए-गणेश हा वाण निघाला, आणि त्याच्या काड्या कुठल्या कुठं गेल्या. बघितलेलं सांगायचं आणि दाखवायचं, यावरच आपल्याकडची द्राक्षशेती वाढलीय.

मग हीच माणसं पैशात फसली की गप्प का होतात? औषधाचं प्रमाण चुकलं तर ती चूक हाताची वाटते. पैशात फसलं तर अकलेची वाटते. फरक एवढाच. आणि फसवणारा नेमका त्यावरच पोसलेला असतो. एका गावात दहा जणांचे पैसे बुडवले तरी दहाही जण गावात 'आले पैसे' म्हणून सांगणार हे त्याला ठाऊक असतं. पुढच्या हंगामात त्याला त्याच वाटेनं दुसऱ्या गावात शिरता येतं. तुमच्या पुतण्याकडं आलेला माणूस तसाच आहे असं मी म्हणत नाही, तो प्रामाणिकही असेल. पण तो कसा आहे हे तपासायला पुतण्याला जे माहीत हवं, ते तुमच्या वहीत आहे.

तुमच्या गप्प बसण्याची किंमत तुम्हीच पत्रात लिहिलीय, पण तिच्याकडं तुमचं लक्ष गेलं नसावं. चार महिन्यांनी वकिलाकडं गेलात आणि मुदत गेलेली होती. ही मुदत काय असते ते नीट लिहिते, कारण गटात हेही सांगायचंय. चेकवर जी तारीख असते तिच्यापासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरावा लागतो. तो न वटता परत आला, की बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार करायची. कायद्याच्या १३८ व्या कलमावरून लोक हिलाच एकशेअडतीसची केस म्हणतात. 'आठ दिवसांत देतो, आठ दिवसांत देतो' असं तो दोन महिने म्हणत राहिला ते उगीच म्हणत नव्हता. ते तीस दिवस जाऊ द्यायचे होते त्याला.

त्या तीस दिवसांत तुम्ही गावातल्या एका जरी माणसाला खरं सांगितलं असतं, तरी कुणीतरी म्हणालं असतं, अगं, वकिलाकडं जा. शेजारच्या घरातही कदाचित असा चेक येऊन गेला असेल आणि त्यांना ही मुदत ठाऊक असेल. तुम्हाला बोल लावत नाही, ताई. लाज काय असते मला माहीत आहे. पण दाजी म्हणतात ती मूठ झाकलेली राहिली, आणि तिच्यातनं सव्वा लाख नाही, पावणेसहा लाख गेले. पुतण्याला हेच आकडे सांगा, अगदी पाचशेपर्यंत. 'आठ-दहा लाख गेले' म्हणू नका. आकडा फुगवला की ऐकणारा मनातल्या मनात त्यातला निम्मा वजा करतो, आणि मग बाकीच्यातलंही निम्मं वजा करतो.

इथं मला माझं एक सांगायचंय. अनुभव सांगा म्हणून मी एवढं लिहितेय खरी, पण अनुभव सांगूनच मी एका बाईचं नुकसान केलेलं आहे.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो, नदीपासून लांब नाही. २००५ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी आलं होतं. ओसरल्यावर माझ्या मिस्टरांनी जिन्याजवळच्या भिंतीवर, चिखलाचा डाग जिथं थांबला होता तिथं, लाल ऑइलपेंटनं आडवी रेघ मारली आणि वर तारीख घातली. आमच्या भागात अशा रेघा घरोघर आहेत. त्यानंतर चौदा वर्षं येईल त्याला मी ती रेघ दाखवायचे आणि त्या रात्रीची गोष्ट सांगायचे. मला ती चांगली सांगता यायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये खाली जतकडचं एक कुटुंब भाड्यानं राहत होतं. दुष्काळी भागातली माणसं, पूर कधी बघितलेला नाही. ती बाई ब्लाउज शिवायची. दोन मशीन होत्या, आणि श्रावणातली शिलाई असल्यामुळं गिऱ्हाइकांच्या कापडांचा ढीग होता. कोयना धरणातून पाणी सोडलंय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी चढतेय, अशी बातमी आल्यावर ती जिना चढून वर आली आणि म्हणाली, "काकू, मशीन वर तुमच्याकडं आणून ठेवू का?" मी म्हणाले, "अगं, कशाला ओढाताण? ती रेघ आहे ना, तिच्या वर ठेव. पाणी तिथवरच येतं." तिनं लोखंडी कॉटवर टेबल ठेवलं, टेबलावर मशीन ठेवल्या, मशीनवर कापडाची गाठोडी बांधून ठेवली. रेघेच्या चांगलं हातभर वर. मी स्वतः खाली जाऊन बघितलं आणि म्हणाले, आता काही काळजी नाही.

पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. आम्हाला बोटीतनं काढलं तेव्हा माझी लाल रेघ पाण्याखाली तीन-साडेतीन फूट होती. पाणी उतरल्यावर ती बाई दार ढकलून आत गेली, मी तिच्या मागं होते. टेबल उलटं पडलेलं. गाठोडी चिखलानं अशी जड झालेली की एकटीला उचलवेनात. तिनं एक सोडलं, आतला एक हिरवा खण बोटानं पुसून बघितला आणि परत गाठ मारली. मला एक शब्द बोलली नाही. गिऱ्हाइकांचे पैसे ती पुढं वर्षभर फेडत होती.

मी तिला खोटं सांगितलं नव्हतं. पाणी २००५ ला तिथवरच आलं होतं. पण 'तेव्हा तिथवर आलं' याचं मी चौदा वर्षं सांगून सांगून 'तिथवरच येतं' करून टाकलं होतं. घडलेल्या गोष्टीचा मी नियम केला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा खाली नवीन जोडपं होतं. त्यांना मी दोन्ही रेघा दाखवल्या. जतच्या बाईला मी काय म्हणाले होते, तेही शब्दाला शब्द सांगितलं. तिसऱ्यांदा कुठवर येईल ते माहीत नाही, असंही म्हणाले. त्यांनी त्याच संध्याकाळी टेंपो बोलावला आणि सगळं सामान विश्रामबागेत भावाकडं नेलं. पाणी जुन्या रेघेला लागलंच.

म्हणून तुम्हाला सांगते, गटात किंवा पुतण्याकडं 'बाहेरच्या व्यापाऱ्याला माल देऊच नका' असं म्हणू नका. तो नियम झाला, आणि तो चुकीचा आहे. बाहेरचे व्यापारी आले नाहीत तर आपल्या तालुक्यातला माल जाणार कुठं? पुष्कळ व्यापारी वर्षानुवर्षं चोख व्यवहार करतात. पुतण्या लगेच म्हणेल, काकी घाबरली एकदा, आता सगळ्यांना घाबरवतीय. त्यापेक्षा काय घडलं ते सांगा आणि आज तुम्ही काय केलं असतं ते सांगा. मी असते तर रोजच्या रोज वहीवर सही घेतली असती. सही बंद झाली की तोड बंद केली असती, गाडी उभी राहिली तरी. गाडीचा नंबर आणि त्याच्या आधार कार्डाचा फोटो पहिल्याच दिवशी घेतला असता. चेक परत आला त्या दिवशी बँकेची पावती घेऊन थेट वकील गाठला असता. 'मी असते तर' एवढ्यावर थांबा. पुढचं त्याचं त्याला ठरवू द्या.

त्या व्यापाऱ्याचं नाव मात्र गटात घेऊ नका. नाव घेतलं की ऐकणाऱ्या बायका त्या एका माणसापासून सावध होतील, आणि पुतण्याच्या दारात आलेला तर दुसराच आहे. नाव घ्यायची जागा पोलीस स्टेशन. तक्रार आज करता येईल का, ते कागद दाखवून विचारा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. भावाला बरोबर घेऊन एकदा जाऊन या. पैसे परत मिळतील असं मी म्हणत नाही.

आता दाजींचं. यावर मी बराच वेळ विचार केला. ही गोष्ट तुमची एकटीची नाही, निम्मी त्यांची आहे. त्यांनी गावात 'पैसे आले' म्हणून सांगितलंय. तुम्ही उद्या उठून खरं सांगितलंत, तर तुमचं फसणं उघडं होईल आणि त्यांचं ते सांगणंही उघडं होईल. ते चिडतात ते पैशासाठी नसावेत, यासाठी असावेत. तेव्हा त्यांच्या पाठीमागं सांगू नका. त्यांच्यापुढं बसा आणि तुम्ही काय काय सांगणार ते आधी त्यांना सांगून दाखवा. सगळं 'मी'नं सुरू करा. मी पेट्या मोजल्या. मी चहा केला. मला शंका आली. मी गप्प बसले. 'आम्ही कुणाला सांगितलं नाही' एवढं एक वाक्य 'आम्ही'चं चालेल. ह्यांनी दर ठरवला, ह्यांनी ऐकलं नाही, ह्यांनी गावाला खोटं सांगितलं, हे तुमचं सांगायचं नाही. त्यांना वाटेल तेव्हा ते सांगतील, नाही वाटलं तर नाही. 'मी'च्या गोष्टीत त्यांच्या वाट्याला काही कमीपणा येत नाही हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तर माझा अंदाज आहे की ते फार आडवे येणार नाहीत. आलेच, तर गटातलं पुढच्या महिन्यावर ढकला, दुसऱ्या बाईला नंबर द्या. पुतण्याचं मात्र ढकलता येणार नाही. तोड ठरलेली आहे.

मुलीला विचारलंत का? पत्रात तसं दिसत नाही. तेव्हा ती शाळेत होती, वही तिचीच होती, घरातल्या म्हशी कुठं गेल्या हे तिला कळलं असेलच. स्थळं तिला येतायत, तर तिचंही मत घ्या. एखादं घर बिचकेलही, नाही म्हणत नाही. पण ज्या घरानं पाटल्या मोडून, दुभती जनावरं विकून सोसायटीचं खातं नील केलं, त्या घराची गोष्ट ऐकून बिचकणारं स्थळ मला माझ्या मुलीसाठी नको वाटलं असतं.

लोक हसतील का, म्हणून विचारलंत. एखादी म्हणेल, "आमच्यात असं झालं नसतं बाई." तिला उत्तर देऊ नका. पण दोन-चार दिवसांत कुणीतरी डेअरीला दूध घालायच्या वेळी किंवा पिठाच्या गिरणीत तुम्हाला एकटीला गाठेल आणि हळूच म्हणेल, आमचंबी झालंय. अशी बाई आली की तिला आधी एकच विचारा, चेक बँकेतून परत कधी आला. कदाचित तिचे तीस दिवस अजून गेले नसतील.

गटात बोलताना छाती धडधडेल. पाठ करून जाऊ नका. ती वही मांडीवर घेऊन बसा. सुचेनासं झालं की वही उघडा आणि तारीखवार वाचत जा. या तारखेला इतक्या पेट्या, सही आहे. या तारखेला इतक्या, सही आहे. या तारखेला इतक्या, सही नाही. तिथं थांबून बोला.

हे रविवारी तुमच्या हातात पडेल तेव्हा पुतण्याच्या तोडीला चार दिवस असतील. संध्याकाळी भाकरी झाल्या की जा. दाजींना म्हणा, तुम्हीही चला. नाही म्हणाले, तर सांगून एकट्या जा. पुतण्यापेक्षा त्याच्या बायकोशेजारी बसा, पेट्या तीच मोजणार आहे. तिला वहीचं ते पान दाखवा. चेक अजून कपाटात असेल तर तोही बरोबर न्या.

तुमची,
अक्का